एल्मिराचे पाणी आणि आपला माहितीचा हक्क



संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटून झाल्यावर हॉलच्या खुर्च्या रचून ठेवता ठेवता एका नव्या जोडप्याने आम्हाला एक प्रश्न विचारला. दोघे दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले. तिला सातवा महिना. वॉटर्लूतल्या घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्या म्हणून त्यांनी एल्मिराला एक घर पाहून ठेवले होते. "काका, घर छान आहे, अंगण आहे, शाळाही चालत जाण्यासारखी. पण ऑफिसात कुणीतरी म्हणालं, तिथल्या पाण्याचं काहीतरी झालं होतं. खरं काय आहे?"

आम्ही चार घरची जुनी माणसे तिथे उभी होतो. चौघांनी एकदम तोंड उघडले आणि चार वेगवेगळी उत्तरे दिली. एकजण म्हणाले, "काही होत नाही, लोक राहतातच की." एक वहिनी म्हणाल्या, "अगं, पोटुशी आहेस, तिथे नकोच." तिसऱ्यांना विहिरी बंद झाल्याचे आठवत होते, पण साल आठवत नव्हते. चौथे म्हणाले, "सरकारी आकडे असतात ना, ते बघा." कुठे बघायचे, हे मात्र त्यांनाही नीट सांगता येईना.

घरी परतताना गाडीत आम्हाला ओशाळल्यासारखे झाले. आमच्यापैकी कुणी १९७४ साली इथे आले, कुणी १९८८ साली. दोघे तर रसायनशास्त्राचेच पदवीधर. एल्मिरा वॉटर्लूच्या उत्तरेला, गाडीने वीस मिनिटांवर. दर वसंतात आपण मुलांना घेऊन तिथल्या मेपल सिरपच्या जत्रेला जातो, सेंट जेकब्जच्या बाजारातून भाजी आणतो, वाटेत मेनोनाइट लोकांच्या घोडागाड्या दिसल्या की पाहुण्यांना मुद्दाम दाखवतो. आणि त्या गावाच्या जमिनीखाली काय झाले, हे आपल्याला धड सांगता येत नाही! म्हणून आम्ही चार घरांनी मिळून हा लेख लिहिला आहे. 'आम्ही' म्हटले आहे ते त्यामुळे.

जमिनीखालचे पाणी

मुंबई-पुण्याच्या माणसाला पाणी म्हणजे धरण असे वाटते. आपल्या वॉटर्लू परगण्यात तसे नाही. इथले सुमारे तीन चतुर्थांश पाणी जमिनीखालून, विहिरींतून येते आणि उरलेले ग्रँड नदीतून. किटलीत जो पांढरा थर बसतो आणि ज्यासाठी आपण मिठाची पोती उचलून तळघरात नेतो, तो याच भूजलाचा प्रसाद. बर्फयुगात साचलेल्या वाळू-खडीच्या थरांतून हे पाणी अगदी सावकाश सरकते. त्यात एकदा काही मिसळले की ते वाहून जात नाही. पिढ्यान् पिढ्या तिथेच राहते.

एल्मिराच्या पूर्व भागात, कॅनागॅगिग नावाच्या ओढ्याच्या काठी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक रसायनांचा कारखाना सुरू झाला. आधी तो नॉगटक केमिकल्स या नावाने चाले, पुढे युनिरॉयल झाला. रबरासाठी लागणारी रसायने, नंतर तणनाशके व कीटकनाशके असा माल तिथे निघे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैन्याने जंगलांवर फवारलेले एजंट ऑरेंज हे तणनाशकही १९६० च्या दशकात इथे तयार झाले. कारखान्याचा टाकाऊ माल त्या काळच्या रीतीप्रमाणे आवारातल्या खड्ड्यांत टाकला जाई. खड्ड्यांना तळाशी अस्तर नव्हते. तेव्हा ते बेकायदेशीरही नव्हते. गावाला रोजगार होता, कारखान्याबद्दल आपुलकी होती. आवारात काय पुरले जाते हे विचारण्याची पद्धत नव्हती आणि सांगण्याचे बंधनही नव्हते.

१९८९ च्या नोव्हेंबरात ओंटारिओच्या पर्यावरण खात्याने जाहीर केले की एल्मिराच्या सार्वजनिक विहिरींच्या पाण्यात नायट्रोसोडायमिथिलअमीन सापडले आहे. या लांबलचक नावाचे रूप एनडीएमए. माणसात कर्करोग घडवू शकेल अशा संभाव्य पदार्थांत त्याची गणना होते. ओंटारिओत पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा एका लिटरला नऊ नॅनोग्रॅम ठरवली गेली, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचे नऊ भाग. इतक्या थोड्या प्रमाणात त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. घरातल्या बाईने पाण्याचा पेला उजेडात धरून पाहावा आणि तिला कळावे, असे ते विष नव्हे. ज्याच्याकडे यंत्र आहे आणि त्या यंत्राने काय शोधायचे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ते दिसते.

गावाच्या दक्षिणेकडील विहिरी बंद झाल्या. वॉटर्लूहून एल्मिराला नळ टाकण्यात आला आणि आजही एल्मिराच्या नळाला येणारे पाणी त्याच वाटेने येते. म्हणजे तुमच्या-आमच्या घरी जे पाणी येते, जवळजवळ तेच.

गावाने विचारलेले प्रश्न

त्याच १९८९ साली गावातल्या काही रहिवाशांनी एक गट उभा केला होता. त्याचे नाव एपीटी एन्व्हायरन्मेंट, म्हणजे 'उद्याच्या पर्यावरणाच्या रक्षणाची हमी'. त्यात मुख्यतः गावातली साधी माणसे होती. सूझन ब्रायंट हे त्यातले एक ठळक नाव. या लोकांनी रात्री जागून भूजलाचे अहवाल वाचले, न समजलेले शब्द शिकून घेतले आणि सरकारी सुनावणीत स्वतः बाजू मांडली.

सुनावणी पर्यावरण अपील मंडळापुढे होती. १९९१ च्या ऑक्टोबरात, ती चालू असतानाच, खाते आणि कंपनी यांनी आपसात समझोता केला. तो बंद दाराआड झाला आणि गावकऱ्यांच्या गटाला तो मान्य नव्हता. त्यांची मुख्य तक्रार पैशांबद्दल होतीच, पण त्याहून मोठी अशी होती की ज्यांनी पाणी प्यायले त्यांना खोलीबाहेर ठेवून त्यांच्या पाण्याचा निकाल लावला गेला. त्यानंतरच्या आदेशानुसार एल्मिराखालचे भूजल २०२८ सालापर्यंत पुन्हा पिण्याजोगे करण्याचे बंधन कंपनीवर आले.

गावकऱ्यांनी मात्र चिकाटी सोडली नाही. त्यांच्या रेट्यातून एक सल्लागार समिती निघाली. तिच्यात रहिवासी होते, कंपनीचे आणि खात्याचे लोक समोर बसत, आणि बैठकांना कुणीही जाऊन बसू शके. अहवाल टेबलावर यायचे, प्रश्न नोंदले जायचे. पुढे कंपनीची नावे बदलत गेली. युनिरॉयलची क्रॉम्प्टन झाली, मग केमट्युरा, आणि २०१७ पासून लॅन्क्सेस. समितीचेही रूप आणि नाव बदलले, मधल्या काळात भांडणेही पुष्कळ झाली. पण हे सगळे उघड्यावर झाले, टाइप होऊन राहिले.

आमची स्वतःची गोष्ट

आता थोडे स्वतःबद्दल. दुसऱ्यांच्या गावाचा इतिहास सांगताना आपला लपवणे बरे नव्हे.

आमच्यातले एकजण इथे येण्यापूर्वी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रंगांच्या कारखान्यात नोकरीला होते. रात्रपाळीला, भरतीची वेळ साधून, टाकीचे पाणी खाडीकडच्या नाल्यात सोडायचे हे काम त्यांच्याकडे असे. सकाळी नाला कधी जांभळा, कधी पिवळा. खाडीत मासे धरणारे कोळी येऊन फाटकावर विचारत, "साहेब, आज काय सोडलंत?" साहेबांनी शिकवलेले उत्तर ठरलेले होते, "साबणाचं पाणी." ते सांगतात की टाकीत काय होते हे त्यांना माहीत होते, पण किती होते हे कुणालाच माहीत नव्हते. कारण मोजायला कुणी सांगितलेलेच नव्हते.

दुसरे एकजण ओंटारिओतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. १९८८ च्या ऑक्टोबरअखेर कॅनडात धोकादायक मालाबद्दल कामगारांना माहिती देण्याचा कायदा अमलात आला. पिंपांवर लेबले लागली, प्रत्येक रसायनाची माहितीपत्रके आली, कामगारांचे वर्ग झाले. त्यांना ते फार आवडले. पण ते सर्व कुंपणाच्या आत. एकदा पलीकडच्या घरातली एक आजी फाटकाशी आली आणि म्हणाली, उन्हाळ्यात खिडकी उघडली की घशात जळजळते, हा वास कसला? साहेबांनी आमच्या मित्राला पुढे केले. त्यांनी हसून सांगितले, "काळजी करण्यासारखं काही नाही." ते म्हणतात, "मी खोटं बोललो नाही, पण मला माहीत नव्हतं ते माहीत असल्यासारखं बोललो. बेलापूरच्या 'साबणाच्या पाण्या'त आणि यात काय फरक?"

आपल्या मंडळात इंजिनिअर आणि केमिस्ट कमी नाहीत. आपण नळाच्या दोन्ही टोकांना उभे असतो. घरी पाणी पिणारे आपण आणि कारखान्यात वही लिहिणारेही आपणच. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे असे आम्हाला वाटते.

भोपाळपासून वॉटर्लूपर्यंत

कारखान्याच्या कुंपणाबाहेरच्या माणसाला माहितीचा हक्क मिळाला कसा? त्याची वाट भोपाळवरून जाते.

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेटचा सुमारे चाळीस टन वायू बाहेर पडला. हजारो माणसे मेली. लोक वायूच्या दिशेनेच धावले, कारण कुठे धावावे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. ओले फडके तोंडावर धरा, एवढे साधे ज्ञानही वस्तीपर्यंत पोहोचले नव्हते. इस्पितळातल्या डॉक्टरांना कोणता वायू आहे आणि त्यावर उपाय काय, हे कळेना. कंपनीच्या स्वतःच्या तपासणी पथकाने १९८२ साली तिथल्या त्रुटी लिहून ठेवल्या होत्या. राजकुमार केसवानी या भोपाळच्या पत्रकाराने त्याच वर्षापासून धोक्याचे इशारे छापले होते. माहिती होती, पण ती ज्यांच्या अंगणात वायू शिरणार होता त्यांच्याकडे नव्हती.

पुढच्याच वर्षी, १९८५ च्या ऑगस्टात, त्याच कंपनीच्या अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियातल्या कारखान्यातून वायुगळती झाली आणि शंभराहून अधिक लोकांना इस्पितळ गाठावे लागले. मग अमेरिकेत लोक खडबडून जागे झाले. भोपाळ दूर होते, हे घरात होते. १९८६ च्या ऑक्टोबरात तिथे कायदा झाला. तुमच्या कारखान्यातून कोणते विषारी द्रव्य किती बाहेर गेले ते दरवर्षी सांगा, आणि सरकारने ते जनतेपुढे ठेवावे. पहिले आकडे १९८७ सालाचे होते. ते गोळा करताना खुद्द कंपन्यांचेच डोळे उघडले. मोन्सँटो या बड्या कंपनीने १९८८ साली आपले आकडे पाहून जाहीर केले की विषारी द्रव्यांचे हवेतले उत्सर्जन १९९२ पर्यंत नव्वद टक्क्यांनी कमी करू. त्या कायद्याने कुणालाही धूर कमी करायला सांगितले नव्हते, फक्त मोजायला आणि सांगायला सांगितले होते.

कॅनडालाही स्वतःचा धडा मिळालेला होता. १० नोव्हेंबर १९७९ च्या रात्री मिसिसागात मालगाडी घसरली. तिच्यात क्लोरीनचा टँकर होता. दोन लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. सुदैवाने एकही माणूस दगावला नाही. आपल्यातल्या एका कुटुंबाने ते दिवस ब्रॅम्प्टनच्या नातेवाइकांकडे काढले. आपल्या दारावरून रोज काय जाते हे तेव्हा पहिल्यांदा कळले, असे ते सांगतात.

पुढे संघराज्य सरकारने राष्ट्रीय प्रदूषक उत्सर्जन नोंदवही सुरू केली. तिचे रूप ठरवायला सरकार, उद्योग, कामगार संघटना आणि पर्यावरणवादी गट एका टेबलाशी बसले. पहिले वर्ष १९९३ चे, यादीत १७८ द्रव्ये. ते आकडे १९९५ साली लोकांपुढे आले. आज यादीत तीनशेहून अधिक द्रव्ये आहेत आणि देशभरातले हजारो कारखाने दरवर्षी १ जूनपर्यंत आपला हिशेब देतात. १९९९ च्या नव्या पर्यावरण संरक्षण कायद्याने ही नोंदवही ठेवणे सरकारवर बंधनकारक केले. पूर्वी ती जाड पुस्तकाच्या रूपात मिळे. आता संगणकावर कुणालाही, कुठल्याही गावाची, फुकट पाहता येते. एल्मिराच्या त्या कारखान्याचे आकडेही तिथे आहेत.

आपले प्रयोगशाळेतले मित्र सांगतात की १९९४ साली पहिला तक्ता भरायचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी वर्षाचा हिशेब घातला. हा हिशेब आपल्या घरातल्या तुपासारखाच. आणले किती, लाडवांत गेले किती, डब्यात उरले किती. मेळ बसला नाही तर राहिलेले गेले कुठे? रसायनांच्या बाबतीत उत्तर बहुधा एकच असते, हवेत. त्यांनी बेरीज साहेबांपुढे ठेवली तेव्हा साहेब आधी म्हणाले, चूक असेल. दुसऱ्यांदा बेरीज केली, तीच आली. मग ते म्हणाले, "हे तर आपण विकत घेतलेले पैसे आहेत!" त्या वर्षी टाक्यांना झाकणे बसली. फाटकाशी आलेल्या आजी तोवर घर बदलून गेल्या होत्या.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

या नोंदवहीचे आम्ही गोडवेच गाणार असे नाही. पहिले म्हणजे आकडे कारखान्यानेच द्यायचे असतात, आणि दरवेळी ते यंत्राने मोजलेले नसतात. पुष्कळदा ते हिशेबाने काढलेले अंदाज असतात. दुसरे, साधारणपणे दहा पूर्णवेळ माणसे आणि वर्षाला दहा टन द्रव्य अशी मर्यादा ओलांडली तरच बहुतेक द्रव्यांची नोंद करावी लागते. शिसे-पाऱ्यासारख्या जहाल द्रव्यांची मर्यादा पुढे खूप खाली आणली गेली. छोटी दुकाने, शेते, गाड्या या यादीत येत नाहीत. तिसरे, टन म्हणजे धोका नव्हे. एका सौम्य द्रावकाचे दहा टन आणि पाऱ्याचा एक किलो यांची तुलना वजनाने होत नाही. आकडा पाहून घाबरून जाणारा आणि आकडा लहान म्हणून निर्धास्त होणारा, दोघेही चुकतात.

आणि चौथे सर्वांत महत्त्वाचे. ही वही दरवर्षीच्या उत्सर्जनाची आहे. १९५० च्या खड्ड्यात काय पुरले ते तिच्यात नाही. उद्या त्या कारखान्याने शून्य लिहिले तरी एल्मिराखालचे पाणी त्या शून्याने स्वच्छ होणार नाही. त्यासाठी दुसरे कागद लागतात. विहिरींचे चाचणी अहवाल, खात्याचे आदेश, समितीच्या बैठकांचे इतिवृत्त. त्या कागदांपर्यंत पोहोचायच्या वाटाही त्याच काळात उघडल्या. ओंटारिओत १ जानेवारी १९८८ पासून माहिती स्वातंत्र्याचा कायदा आहे. १९९३ साली पर्यावरण हक्क सनद झाली आणि १९९४ च्या फेब्रुवारीत ती अमलात आली. तिच्यामुळे कारखान्याला नवा परवाना देण्यापूर्वी बहुतेक वेळा तो प्रस्ताव सार्वजनिक नोंदणीवर ठेवावा लागतो आणि लोकांना निदान तीस दिवस मत मांडता येते. ओंटारिओचे कोणतेही दोन रहिवासी मिळून चौकशीची मागणी करू शकतात. नागरिक नव्हे, रहिवासी! गेल्या महिन्यात उतरलेल्या कुटुंबालाही हा हक्क आहे. या सनदेवर देखरेख करणारे स्वतंत्र आयुक्तांचे कार्यालय मात्र २०१९ साली बंद झाले आणि ते काम महालेखापरीक्षकांकडे गेले. मिळालेले हक्क आक्रसतातही, हे लक्षात ठेवायला हवे.

माहिती दडवल्याने काय होते हे आपण २००० सालच्या मे महिन्यात वॉकर्टनला पाहिले. तिथे कारखाना नव्हता, गुरांच्या शेणातले जंतू विहिरीत शिरले होते. प्रयोगशाळेचा अहवाल पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात पोहोचला होता, पण तो त्यांनी आरोग्य खात्यापासून लपवला. त्या गावी सातजण मेले, सुमारे तेवीसशे आजारी पडले. त्यानंतर झालेल्या कायद्याने पाण्याचा वाईट अहवाल ताबडतोब कळवणे सक्तीचे झाले. आपल्या परगण्याचे पाण्याचे वार्षिक अहवालही सर्वांना पाहायला खुले असतात.

इकडे महाराष्ट्रात

आपल्याकडे कायदे नव्हते असे मुळीच नाही. महाराष्ट्राचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या जल कायद्याच्याही आधी. त्या जल कायद्यात तर अशी तरतूद आहे की कारखान्यांना घातलेल्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवावी आणि त्या पाण्याशी ज्याचा संबंध येतो त्याला ती पाहू द्यावी. म्हणजे फाटकावर आलेल्या त्या कोळ्यांना वही पाहण्याचा हक्क कागदावर होता. पण ती कुठल्या कार्यालयात असते, हे त्यांना कोण सांगणार? भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आसपासच्या जनतेला धोक्याची माहिती देण्याचे बंधन आले. तेही फाईलबाहेर क्वचितच पडले.

खरा फरक पडला तो माहितीच्या अधिकाराने. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा झाला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून सगळ्या देशाचा कायदा लागू झाला. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. ५ जून २०१७ रोजी राज्याच्या मंडळाने आणखी एक पाऊल टाकले. धुराड्यांतून निघणाऱ्या धूलिकणांच्या मोजणीवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देऊन ते जाहीर करायला सुरुवात केली. शाळेतल्या मुलासारखे कारखान्याचे प्रगतिपुस्तक! एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. माहितीचा तो अधिकार भारतीय नागरिकांना आहे. आपल्यातल्या ज्यांनी कॅनडाचे नागरिकत्व घेतले त्यांना गावच्या नदीबद्दल अर्ज करता येत नाही. तो भावाला किंवा भाच्याला करायला सांगावा लागतो.

तर त्या जोडप्याला काय सांगितले?

आम्ही त्यांना घरी जेवायला बोलावले आणि पिठले-भाताबरोबर हे सगळे सांगितले. एल्मिराच्या नळाला येणारे पाणी गावच्या विहिरींचे नाही, ते वॉटर्लूहून येते आणि नियमितपणे तपासले जाते. जमिनीखालचे पाणी उपसून अतिनील किरणांसारख्या उपायांनी शुद्ध करण्याचे काम नव्वदच्या दशकापासून चालू आहे. पण २०२८ ची मुदत पाळता येणार नाही, हे आता उघडपणे बोलले जाते. ओढ्याच्या गाळात जुन्या कीटकनाशकांचे आणि डायऑक्सिनचे अंश सापडले आहेत. म्हणून ओढ्याकाठच्या मातीची चौकशी करा, आणि घराची जागा कारखान्यापासून किती अंतरावर आहे ते नकाशावर पाहा.

घर घ्या किंवा घेऊ नका, असे आम्ही म्हटले नाही. संक्रांतीला चार तोंडांनी चार सल्ले देऊन झालेच होते. भूजलाच्या विद्येत आपल्या वॉटर्लू विद्यापीठाचे नाव जगात आहे. तिथले प्राध्यापक जॉन चेरी यांना २०२० चे स्टॉकहोम जल पारितोषिक मिळाले. इतके ज्ञान दाराशी आहे, कागद खुले आहेत, तर निर्णय त्यांनी कागद वाचूनच घ्यावा.

आठवड्याने तिचा फोन आला. घर दाखवणारा एजंट म्हणाला होता, "पाण्याचा काही प्रश्न नाही, सगळं निस्तरलंय." तिने त्याला शांतपणे विचारले, "ते कुठे लिहिलंय?" त्याला सांगता आले नाही. आता तो शोधून देणार आहे आणि तीही स्वतः शोधते आहे. आमचे प्रयोगशाळेतले मित्र हे ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या आजींनी मला हेच विचारायला हवं होतं."

मंडळाच्या कार्यकारिणीने मान्य केले आहे की मेपल सिरपच्या जत्रेनंतरच्या एखाद्या शनिवारी दुपारी वाचनालयात दोन तास जमायचे. प्रत्येकाने आपल्या घराचा पोस्टल कोड आणावा. आसपासच्या कारखान्यांचे आकडे आणि आपल्या भागाचा पाणी अहवाल कसा काढायचा आणि कसा वाचायचा, हे आमच्यातले दोघे दाखवतील. मुलांना जरूर आणा, संगणकावर आपल्यापेक्षा त्यांचाच हात वेगाने चालतो. चहा आणि चिवडा आमच्याकडे. तारीख पुढच्या अंकात.